प्राडा आणि पायताण

मंडळी, किकवीत बसून मिलानच्या फॅशनवर बोलायचं म्हणजे थोडं अवघडल्यासारखं होतं. पण आपल्या दारावरून जाणारा हायवे पुढं कोल्हापूरलाच जातो. आणि इथून पश्चिमेला हिरडस मावळ आहे. आपल्या डोंगरात माणसं हिरडा वेचतात. हाच हिरडा आणि बाभळीची साल वापरून कोल्हापुरी चपलेचं कातडं कमावलं जातं. तेव्हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही.

घडलं ते तुम्हाला माहीत आहे. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये पुरुषांच्या पायात कोल्हापुरीसारखी चप्पल घातली आणि तिला नुसतं 'लेदर सँडल' म्हटलं. महाराष्ट्रात गदारोळ झाला. मग कंपनीच्या लोरेन्झो बर्तेल्ली यांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून मान्य केलं, की प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे.

'चोरी झाली' एवढं म्हणून आपण मोकळे झालो. आमचं म्हणणं असं, की ही टीका अपुरी आहे. प्राडा विकते काय, हेच आपण नीट पाहिलं नाही.

१९१३ साली मारिओ प्राडा आणि त्यांच्या भावानं मिलानमध्ये चामडी वस्तूंचं दुकान काढलं. १९१९ मध्ये ते इटलीच्या राजघराण्याचे पुरवठादार झाले, आणि राजघराण्याचं चिन्ह दुकानाच्या नावाशेजारी आलं. १९७८ मध्ये नात मिउच्चा प्राडा यांच्याकडं कारभार आला. आता गंमत बघा. चामड्यासाठी नावाजलेल्या या घराण्याची १९८४ ची गाजलेली पाठपिशवी कशाची होती? साध्या नायलॉनची! आणि तीही महाग विकली गेली. म्हणजे गिऱ्हाईक मालाचे पैसे देत नव्हतं, नावाचे देत होतं. पुढं २०११ मध्ये हे नाव हाँगकाँगच्या शेअर बाजारात उतरलं.

आता आपल्याकडची नावं घ्या. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी. एखादं गावाचं, एखादं घडणीचं. करणाऱ्याचं नाव एकावरही नाही. तळ कापणारा, वादीनं शिवणारा, वेणी घालणाऱ्या घरातल्या बायका, सगळे बिननावाचे. शाहू महाराजांनी या धंद्याला आश्रय दिला, त्यातून कोल्हापूरचं नाव मोठं झालं. कारागीर होता तिथंच राहिला.

कुणी म्हणेल, जीआय आहे की! आहे. २०१९ मध्ये मिळाला, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी. पण जीआय राखतो ते नाव. चपलेचा आकार नाही. प्राडानं 'कोल्हापुरी' हा शब्दच वापरला नव्हता, म्हणून कायद्याच्या हाताला फारसं काही लागेना. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. जीआयची नोंद ज्यांच्या नावावर आहे, त्यांनी यावं, असं न्यायालयाचं म्हणणं. आणि नोंद आहे दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर. तिथंही कारागीर नाहीच!

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडानं याच दोन महामंडळांशी करार केला. दोन हजार जोड इथंच बनवून घ्यायचे, जोडाला सुमारे ८०० युरो. ऐंशी हजार रुपयांच्या वर झाले की हो! प्राडाच्या बाजूनंही बोललं पाहिजे. झालेली चूक मानली, माणसं कोल्हापूरला पाठवली, काम दिलं. हे सगळे करत नाहीत. पण दोन हजार जोड म्हणजे जत्रेतला एक दिवस. धंदा त्यावर उभा राहत नाही. आठशे युरोंतले वादी ओढणाऱ्या हाताला किती, हा प्रश्न आपण विचारत राहिलं पाहिजे.

पण तो विचारण्याआधी थोडं स्वतःकडं बघू. ज्या समाजांनी हे कातडं कमावलं आणि शिवलं, त्यांना आपण गावाबाहेर ठेवलं. चप्पल मिलानला गेली तेव्हा मात्र ती एकदम 'आपली' झाली. २०१५ च्या कायद्यानं बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली, कच्चं कातडं अवघड झालं, तेव्हा पायताणासाठी किती जण बोलले? आणि हायवेवर गाडी थांबवून हजाराची चप्पल सहाशेला मागणारे कोण? आम्हीही त्यातलेच. मॉलमधल्या बुटाची किंमत मात्र आपण गुमान देतो.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. पुढच्या वेळी कोल्हापुरी घ्याल तेव्हा दुकानदाराला विचारा, ही कुणी केली? त्याला सांगता आलं नाही, तर पुढच्या खेपेला विचारून ठेव म्हणावं. चार गिऱ्हाइकांनी विचारलं, तर पाचव्याच्या आधी तळाखाली करणाऱ्याचं नाव येईल. प्राडानं शंभर वर्षांत नावाचेच पैसे केले. आपल्याकडं हात आहेत, कसब आहे. नाव तेवढं लिहायचं राहिलंय.

थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.