वजनाचा रकाना

जुनी कोतवाल बुके चाळण्याची मला सवय आहे. गावोगावच्या या जन्म-मृत्यूच्या नोंदी हल्ली बहुधा जातीच्या दाखल्यासाठीच उघडल्या जातात. मी पाहिलेल्या पानांवर तारीख, बापाचे नाव, जात, मृत्यूचे कारण हे सारे सापडते. जन्मलेल्या मुलाचे वजन मात्र कुठेच नाही. म्हणूनच इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यातील नोंदवह्यांविषयी वाचले तेव्हा हेवा वाटला. तिथे १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या मुख्य आरोग्यसेविकेच्या देखरेखीखाली बाळाचे जन्मवेळचे वजन लिहिले जाई. बाळ अंगावर पिते की बाटलीने, हे टिपले जाई आणि वर्षाने वजन पुन्हा घेतले जाई. या बायकांना त्या काळी संशोधक म्हणून कोणी ओळखले नसेल.

सात-आठ दशकांनी त्या वह्यांना वाचक मिळाला: साउदम्प्टनचे साथरोगतज्ज्ञ डेव्हिड बार्कर (१९३८-२०१३). मी वैद्यकाचा पदवीधर नाही. बार्कर यांच्याकडे ओढला गेलो तो त्यांच्या वाचनपद्धतीमुळे. १९८६ मध्ये त्यांनी व क्लाइव्ह ऑस्मंड यांनी इंग्लंड-वेल्सच्या २१२ विभागांचे आकडे शेजारी मांडले. १९२१-२५ मध्ये जिथे तान्ही मुले जास्त दगावली, तिथेच १९६८-७८ मध्ये हृदयविकाराचे मृत्यू जास्त होते. समृद्धीचा म्हणून ओळखला जाणारा आजार गरीब मुलखात ठाण मांडून बसला होता. मग १९८९ मध्ये हर्टफर्डशायरच्या वह्यांतील ५,६५४ पुरुषांचा माग काढला गेला. जन्मवेळी व वर्षाचे असताना वजन कमी असलेल्यांत हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण अधिक निघाले. पुढे त्याच वह्यांतून वार्धक्याचाही शोध घेतला गेला. वर्षाच्या वयाला हलक्या भरलेल्यांची म्हातारपणी मुठीची पकड सैल होती, कान मंद होते, त्वचा पातळ होती. म्हातारपण साठीनंतर सुरू होते, ही आपली समजूत या नोंदींनी मोडली.

या मांडणीवर आक्षेप आले, आणि ते पोकळ नव्हते. १९९५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पॅनेथ व ससर यांनी पुराव्याच्या दुबळ्या जागा दाखवल्या. जो गरिबीत जन्मतो तो बहुधा गरिबीतच वाढतो. मग दोष जन्माआधीच्या उपासमारीचा की पुढच्या साठ वर्षांच्या ओढाताणीचा? नुसत्या वजनाच्या आकड्यावरून हे ठरत नाही. हा आक्षेप मला रास्त वाटतो. माझी तक्रार मात्र वेगळी आहे आणि ती भाषेची आहे.

बार्कर यांच्या १९९४ च्या ग्रंथाच्या नावात आया आहेत, बाळे आहेत आणि उत्तरायुष्यातील रोग आहेत. १९९८ च्या आवृत्तीत 'रोग' जाऊन 'आरोग्य' आले. आया-बाळे तशीच राहिली. मजुरी, घर, पाणी, बाप यांपैकी काहीच त्या नावात नाही. ज्यांच्या केंद्राच्या नावातच 'पर्यावरण' होते, त्यांचे पर्यावरण आकसत गर्भाशयाएवढे झाले. बार्कर यांना आयांना दोष द्यायचा नव्हता. मुलींच्या व तरुण स्त्रियांच्या पोषणासाठी ते अखेरपर्यंत बोलत राहिले. पण सिद्धांताला ज्या शब्दांत मांडावे, त्या शब्दांत तो लोकांच्या तोंडी जातो. बाळ हलके, म्हणजे आईचे चुकले. २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये काही अभ्यासकांना आयांना दोष देऊ नका, असे उघडपणे लिहावे लागले.

हे आकसलेले पर्यावरण पुन्हा रुंदावले ते पुण्याजवळच्या सहा खेड्यांत. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी साउदम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल व बार्कर यांच्या साथीने १९९३ मध्ये तिथे गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. बाळे सरासरी २.७ किलोंची होती. साउदम्प्टनची साडेतीन किलोंची. पण हलकेपणा सर्वत्र सारखा नव्हता: स्नायू बरेच कमी, चरबी मात्र बरीचशी टिकून. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार असे हे बाळ. वजनाचा एक आकडा किती झाकून ठेवतो, हे त्यातून कळले.

याच अभ्यासात आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी दोन गोष्टी पाहिल्या. एक आहाराची: हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध घेणाऱ्या आयांची बाळे मोठी होती. दुसरी मला अधिक मोलाची वाटते. त्यांनी आयांची रोजची कामे मोजली: शेतातली, घरातली, पाणी आणण्याची. कष्ट जितके जास्त, बाळाची मापे तितकी लहान. इथे आई पुन्हा बाई झाली. विहीर किती लांब, बांधावर किती तास, घरात हाताखाली कोणी आहे की नाही, हे सारे पर्यावरणात परतले.

बार्कर यांच्या कारकिर्दीचे मोल मी असे करतो: त्यांनी दुर्लक्षित नोंदींना बोलते केले, पण जे लिहिले नव्हते त्याकडे त्यांच्या मांडणीने पुरेसे पाहिले नाही. आपल्याकडे आता गर्भवतीच्या कार्डावर तिच्या आणि बाळाच्या वजनाचा रकाना आहे. रोज किती हंडे वाहिले, याचा रकाना अजून नाही. तो भरला जात नाही तोवर हलक्या बाळाचा हिशेब आईच्याच नावे पडत राहील.