उचल नेमकी कुणाची?

भारतातल्या खेड्यांच्या कर्जावर अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला एका तक्त्यापाशी थांबावंच लागतं. १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेनं अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली. तिचा मुख्य अहवाल १९५४ साली आला. समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला होते आणि सदस्यांत धनंजयराव गाडगीळ होते. शेतकरी कुणाकडून किती कर्ज काढतो, याची टक्केवारी त्या तक्त्यात आहे. धंदेवाईक सावकार ४४.८, शेतकरी सावकार २४.९, व्यापारी आणि अडते ५.५, सरकार ३.३, सहकारी संस्था ३.१, व्यापारी बँका ०.९.

पुढचं सगळं धोरण त्यातल्या ३.१ या आकड्याभोवती उभं राहिलं. सहकार एवढा तोकडा आहे, तर सरकारनं त्यात भागीदार होऊन तो वाढवला पाहिजे, असं अहवालानं म्हटलं. १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, तीही याच शिफारशींतून. संशोधनानं जग बदललं असं म्हणायला एरवी आपण कचरतो. इथं ते खरंच घडलं.

पण त्याच तक्त्यात आणखी एक आकडा आहे: नातेवाईक, १४.२. म्हणजे सहकाराच्या साडेचार पट. मामानं दिले, मेव्हण्यानं दिले, थोरल्या जावेनं पाटल्या मोडून दिल्या, ते सगळं यात. त्यावर योजना बेतता येत नाही, त्यामुळे तो आकडा तक्त्यातच राहिला. मी या विषयावरची पुस्तकं आणि निबंध वाचायला लागले ते या १४.२ मुळे. आणि वाचता वाचता तक्रार मोठी होत गेली. हे अभ्यास ‘कर्ज कुणाकडून घेतलंत?’ हा प्रश्न फार चांगला विचारतात. ‘पैशासाठी कोण कुणाची वाट बघतंय?’ हा प्रश्न मात्र फार थोडे विचारतात. आमच्या भागात खरा प्रश्न दुसरा आहे.

आमचा भाग म्हणजे कोडोली. पन्हाळा तालुक्यातलं, वारणेच्या खोऱ्यातलं मोठं गाव, वारणानगरला अगदी लागून. चारी बाजूंनी ऊस. इथं पैसे किंवा वस्तू घेण्याला एक शब्द पुरत नाही. वाटीभर साखर नेली तर ते उसनं. आठवड्यासाठी पाचशे घेतले तर हातउसने. दुकानात मांडून ठेवलं तर उधारी. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू, हा पैरा. सोसायटीचं ते कर्ज. आणि यातल्या कशातच न बसणारी ती उचल.

या उचलीकडे जरा नीट बघूया.

कोल्हापूरच्या गुळाच्या व्यापारात अडत्या शेतकऱ्याला गुऱ्हाळ सुरू होण्याआधी पैसे देई. ती उचल. गुळाचे रवे त्याच्याच दुकानी लावायचे, सौद्याच्या पट्टीतून तो आपले पैसे कापून घेणार. पाहणीच्या रकान्यात हे ‘व्यापारी आणि अडते’ या नावाखाली येतं, आणि तिथं ते बरोबर आहे. कर्ज आहे, कर्जदार आहे, कर्ज देणारा आहे.

दुसरी उचल ऊसतोड मजुराची. बीड किंवा त्या बाजूच्या जिल्ह्यांतून नवरा-बायकोची जोडी येते. जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. दिवाळीच्या आसपास फडात उतरायच्या कितीतरी आधी मुकादमानं त्यांना रक्कम दिलेली असते. मग हंगामभर तोडलेल्या टनांतून ती वळती होत जाते. एक दिवस काम चुकलं की खाडा, त्याचा दंड. हंगाम संपून हिशेब झाला आणि फिटली नाही, तर उरलेली रक्कम पुढच्या वर्षावर. हे कर्ज की आगाऊ मजुरी? कर्ज म्हणाल तर व्याजाचा दर कुठंच लिहिलेला नाही. मजुरी म्हणाल तर जी अजून कमावलेलीच नाही ती मजुरी कसली? आकडेवारीत ही उचल नेहमी दोन दारांच्या मधल्या उंबऱ्यावर उभी असते.

या उचलीवर मला माहीत असलेलं सर्वात टोकदार लेखन जान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाचं आहे, आणि ते महाराष्ट्रावर नाही. १९७८ च्या सुमारास त्यांनी बारडोली परिसरातल्या सहकारी साखर कारखान्यांवर दीर्घ निबंध लिहिला. गुजरातच्या त्या फडांत मजूर होते खानदेशातले. गावातच हळपती मजूर उपलब्ध असताना कारखाने इतक्या लांबून माणसं का आणतात, हा त्यांचा प्रश्न. त्यांचं उत्तर असं की लांबून आलेला आणि उचलीत अडकलेला माणूस रात्री-अपरात्री बोलावला तरी येतो, आणि मध्येच निघून जाऊ शकत नाही. ज्या सहकारानं शेतकऱ्याला सावकारापासून सोडवलं, त्याच सहकाराचा फड मुकादमाच्या उचलीवर चालतो, हे ब्रेमन यांनी न कचरता लिहिलं. ऊसपट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे वाचताना अंगावर येतं. आम्ही लहानपणापासून टोळ्या बघितल्या, वाडं विकत घेतलं, पण त्या पालात कुणाचा हिशेब चालू आहे हे कधी विचारलं नाही.

२०१९ साली राज्य सरकारच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातला एक आकडा आला. ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यामागे अनेक कारणं सांगितली गेली, डॉक्टरांची लूट हे एक. पण खाड्याची भीती हेही त्यातलं एक होतं. कर्जाच्या संशोधनात शरीर हा रकाना नसतो. इथं तो हवा होता.

आता तिसरी उचल, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते हिच्याबद्दल. दर वर्षी हंगाम तोंडावर आला की जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत घोषणा होते, पेपरात मथळे येतात: यंदा पहिली उचल किती? इथं उचल म्हणजे शेतकऱ्याला कारखान्याकडून उसापोटी मिळणारा पहिला हप्ता. जरा थांबून बघा. ऊस कारखान्यात गेला, गाळला गेला, साखर पोत्यात भरली. म्हणजे देणं कारखान्याचं आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज द्यायचं. कायद्याच्या भाषेत कारखाना ऋणको आणि शेतकरी धनको. पण आमच्या तोंडी शब्द आहे उचल, जणू शेतकरीच काहीतरी आगाऊ मागून घेतोय. मजुराच्या बाबतीत जो शब्द खरा आहे, तो शेतकऱ्याच्या बाबतीत उलटा पडलाय, आणि हा उलटेपणा कुणालाच खटकत नाही. मलाही तो आजवर कधी खटकला नव्हता.

हंगामाच्या मधल्या महिन्यांत ऊस देऊन बसलेली सगळी गावं मिळून साखर उद्योगाला केवढं बिनकागदी कर्ज देत असतील! कर्ज व गुंतवणूक सर्वेक्षणात ‘येणं’ मांडायला जागा असते, नाही असं नाही. पण ग्रामीण कर्जावरच्या पुस्तकांत खेडं नेहमी हात पसरलेलं असतं, देताना ते क्वचित दिसतं. सहकारी कारखान्यांनी ऊसबिलातून कापलेल्या ठेवी आठवा. त्यांत एक प्रकार होता बिनपरतीची ठेव. परत न मिळणारी ठेव! या दोन शब्दांवर एखादा अख्खा प्रबंध होऊ शकतो.

गाडगिळांबद्दल इथं एक बोलायला हवं. ते फक्त अहवाल लिहून थांबले नाहीत. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे ते अध्यक्ष होते. अभ्यासक आणि उभारणी करणारा एकच माणूस, असं आपल्याकडे फार कमी घडलं. वारणेकाठी तात्यासाहेब कोऱ्यांनी जे उभं केलं, त्यालाही वाट त्या काळातल्याच विचारानं करून दिली. त्यामुळे माझी तक्रार कृतघ्नपणाची नाही. ४४.८ टक्के सावकाराच्या गावात राहायची माझी अजिबात इच्छा नाही. मला एवढंच म्हणायचंय की सावकार समोर ठेवून बनवलेली प्रश्नावली सावकार मागे हटल्यावरही तशीच चालू राहिली.

‘नवं-जुनं’ हे त्याचं साधं उदाहरण. सोसायटीचं पीककर्ज मुदतीत भरलं तर व्याजात सवलत मिळते, तीन लाखांपर्यंत तर राज्यात शून्य टक्के. मुदत जवळ आली आणि हातात पैसे नसले, तर माणूस कुठून तरी चार-आठ दिवसांसाठी रक्कम उचलतो, सोसायटीत भरतो, नवं कर्ज मंजूर झालं की त्यातून ती परत करतो. सोसायटीच्या वहीत वसुली चोख. बँकेच्या अहवालात टक्केवारी सुंदर. त्या आठ दिवसांचं कर्ज मात्र कुठंच नाही, कारण अधिकारी प्रश्न विचारायला येतो तेव्हा ते फिटलेलं असतं. वर्षातून एकदा काढलेल्या फोटोत हे दिसणारच नाही. एखाद्या दिवशीची थकबाकी मोजणाऱ्या पद्धतीचं हे जन्मजात आंधळेपण आहे.

म्हणून ‘पोर्टफोलिओज ऑफ द पुअर’ (२००९) हे पुस्तक मला मानावं लागतं. कॉलिन्स, मॉर्डक, रदरफर्ड आणि रुथव्हेन या चौघांनी बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या कुटुंबांकडे वर्षभर, साधारण पंधरा दिवसांनी पुन्हा पुन्हा जाऊन पैशाची डायरी लिहिली. बांगलादेशातल्या ४२ कुटुंबांपैकी एकाही कुटुंबाचं चारपेक्षा कमी प्रकारच्या व्यवहारांत भागलं नव्हतं. आणि शेजाऱ्या-नातेवाइकांकडून बिनव्याजी देणं-घेणं सगळीकडे. म्हणजे तोच १४.२ वाला रकाना, फक्त आता तो हलताना दिसतो. एक उणीव आहे: डायरी कुटुंबाची आहे, आणि कुटुंबात नवऱ्याचं कर्ज वेगळं, बायकोचं वेगळं असतं. ती बाजू इझाबेल गेरँ यांनी तमिळनाडूत काम करून भरून काढली. कुणाकडून घेणं कमीपणाचं आणि कुणाकडून घेणं चालण्यासारखं, याची उतरंड त्या मांडतात. व्याजाचा दर त्यात दुय्यम ठरतो. आमच्याकडच्या बायकांना हे सांगायला विद्यापीठाची गरज नाही. भावजयीकडून घेतलेले हजार आणि बचत गटातून घेतलेले हजार एकाच वजनाचे नसतात.

भिशीबद्दल मात्र मोठ्या माणसाचा अंदाज चुकला. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६२ साली जगभरातल्या भिशीसारख्या प्रकारांना विकासाची ‘मधली पायरी’ म्हटलं. बँका आल्या, लोक हिशेबी झाले, की हे आपोआप मागे पडेल असा त्याचा रोख. साठ वर्षं झाली. कोडोलीत बँका आहेत, पतसंस्था आहेत, सोसायट्या आहेत, आणि भिशीही आहे. आता हप्ता यूपीआयनं येतो आणि चिठ्ठी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ करून काढतात. गीर्ट्झ यांना वाटलं की भिशी ही बँक नसल्यामुळे करायची गोष्ट आहे. भिशीत प्रत्येक जण आळीपाळीनं धनको आणि ऋणको होतो. ज्याला पहिला नंबर लागला त्याला सगळ्यांनी कर्ज दिलं, ज्याला शेवटचा लागला त्यानं सगळ्यांना दिलं. कायमचा वरचा हात कुणाचाच राहत नाही. बँक ही सोय देऊच शकत नाही, मग बँक आली म्हणून भिशी जाईल कशी?

आमच्या अगदी शेजारी झालेला एक अभ्यासही इथं आठवतो. वारणेत १९९८ पासून गावोगावी संगणक केंद्रं बसवण्याचा मोठा प्रयोग झाला. पुढे वीरराघवन, यशोधर आणि तोयामा या संशोधकांनी त्या संगणकांच्या जागी साधा मोबाईल चालेल का हे सात गावांत आठ महिने तपासलं. एसएमएस पाठवा, तुमच्या उसाची माहिती फोनवर मिळवा. स्वस्त पडलं, सोयीचं पडलं, शेतकऱ्यांना आवडलं, असा निष्कर्ष. निबंध नेटका आहे. पण त्याची कसोटी यंत्राची आहे: खर्च, सोय, पसंती. आपला ऊस किती गेला आणि आपलं किती येणं आहे हे खिशातल्या फोनवर कळल्यानं ऋणको-धनकोच्या नात्यात काही हललं का, हा प्रश्न त्यात मध्यभागी नाही. माझ्यासाठी तोच लेखाचा विषय असता.

आता त्याच फोनवर कर्जाची ॲप आहेत. ‘दोन मिनिटांत पैसे’ असं म्हणत यातलं एखादं ॲप तुमच्याकडून काय तारण घेत होतं? तुमची संपर्क यादी. हप्ता चुकला की मामाला, वर्गमैत्रिणीला, दुकानदाराला फोन. २०२२ साली रिझर्व्ह बँकेनं नियम केले आणि कर्ज देणाऱ्या ॲपनं संपर्क यादीला हात लावायचा नाही असं बजावलं. नियमाबाहेरची ॲप अजून सापडतात. याला बरेच जण ‘नवा सावकार’ म्हणतात. मला ती तुलना आळशी वाटते. सावकाराकडे जमिनीचा कागद असायचा. १८७५ साली सुप्यात लोकांनी सावकारांच्या घरांतून शोधून शोधून जाळले ते कर्जरोखे. ॲपकडे जाळण्यासारखं काहीच नाही. त्याला हवी असते तुमच्याभोवतीची माणसं, म्हणजे १९५१ च्या तक्त्यातले तेच नातेवाईक. भिशीही याच माणसांच्या लाजेवर चालते, पण तिथं ती माणसं स्वतः आत असतात. दवाखाना निघाला म्हणून एखादीनं आधी नंबर मागितला तर बाकीच्या आपला नंबर पुढे सरकवतात, किंवा तोंडावर नाही म्हणतात. ॲपच्या यादीतल्या मामाला कुणी विचारलेलं नसतं.

कोडोलीत पुढचा संशोधक आला तर त्यानं ऑक्टोबरमध्ये यावं आणि एप्रिलपर्यंत राहावं. एका टोळीच्या मुकादमाची वही, एका शेतकऱ्याचं ऊसबिल आणि एका भिशीचा ग्रुप, तिन्ही एकाच वेळी समोर ठेवावेत. आणि उचल हा शब्द आला की प्रत्येक वेळी विचारावं, इथं थांबलंय कोण?