नदीकांठचें उघडें रंगमंदिर

नाट्यमंडप पर्वताच्या गुहेसारखा असावा, त्याच्या खिडक्या लहान असाव्यात, आंत वारा शिरूं नये, म्हणजे आवाज गंभीरपणें घुमतो, असा दंडक भरताच्या नाट्यशास्त्रांत घालून दिलेला आहे. ग्रीकांनीं नेमकी उलट वाट धरली. अथेन्स येथील दुर्गाच्या दक्षिण उतारावर त्यांनीं उघड्या आकाशाखालीं प्रेक्षकांस बसविलें. दोन्ही मतांमागें विचार आहे. नटाच्या मुद्रेवरील सूक्ष्म भाव शेवटच्या रांगेसहि दिसावेत ही भरताची चिंता, म्हणून फार मोठा मंडप त्यास नको. ग्रीकांना सबंध नगर एका ठिकाणीं बसवावयाचें होतें, म्हणून त्यांस टेकडी हवी. तेव्हां उघड्या रंगमंदिराची परीक्षा करतांना तें किती सुंदर आहे हा दुसरा प्रश्न. तेथें कोण येऊन बसणार हा पहिला.

याच दृष्टीनें आम्हीं न्यूयॉर्क शहरांतील हडसन नदीवरचें 'लिटल आयलंड' हें उद्यान व त्यांतील रंगमंदिर पाहिलें. मॅनहॅटनच्या पश्चिम किनाऱ्यास लागून २.४ एकरांचा हा तुकडा पाण्यावर उभा आहे, आणि त्या जागेची पूर्वपीठिका समजल्यावांचून त्याचें मोल कळत नाहीं. पूर्वीं येथें चोपन्न क्रमांकाचा धक्का होता. टायटॅनिक बुडाल्यावर वांचलेल्या सुमारें सातशें उतारूंना घेऊन कार्पेथिया बोट १८ एप्रिल १९१२ च्या रात्रीं याच धक्क्यास लागली; १ मे १९१५ रोजीं लुसिटानिया येथूनच आपल्या अखेरच्या सफरीवर निघाली. त्या धक्क्याची लोखंडी कमान अजून वाटेवर उभी आहे. पुढें बोटींची वाहतूक गेली, धक्के ओस पडले. शहर व नदी यांच्यामध्यें खांबांवरचा उंच मोटाररस्ता होता. तोहि डिसेंबर १९७३ मध्यें याच परिसरांत कोसळला, आणि तो कोसळला त्याच्याच डागडुजीसाठीं डांबर वाहणाऱ्या ट्रकच्या भारानें! त्यानंतर नदींत भराव घालून त्यांतून नवा हमरस्ता नेण्याची प्रचंड योजना निघाली. परंतु कुजत चाललेल्या धक्क्यांच्या आसऱ्यास पट्टेदार बास जातीचे लहान मासे हिवाळा काढतात, ही गोष्ट पुढें आली. न्यायालयांत झगडा झाला. आणि १९८५ मध्यें ती योजना सोडून द्यावी लागली. १९९८ मध्यें कायदा होऊन हडसन रिव्हर पार्कची स्थापना झाली व सुमारें चार मैलांचा किनारा हळूहळू नागरिकांच्या पायांखालीं आला. हा कांठ, थोडक्यांत म्हणजे, लोकांनीं भांडून मिळविलेला आहे.

२०१२ च्या वादळानें चोपन्न क्रमांकाच्या धक्क्याची दुर्दशा केली, आणि त्याच्या शेजारीं २१ मे २०२१ रोजीं हें नवें उद्यान खुलें झालें. थॉमस हेदरविक या इंग्रज रचनाकारानें पाण्यांतून काँक्रीटचे खांब उठवून त्यांवर फुलाच्या पेल्यासारखीं १३२ पात्रें बसविलीं आहेत. हे पेले एकमेकांस भिडल्यानें वरची जमीन तयार झाली आहे. पेल्यांची उंची मुद्दाम कमीअधिक ठेवल्यामुळें सपाट फरसबंदीऐवजीं टेकाडें, उतार व वळणाच्या वाटा निर्माण झाल्या. सर्वांत उंच जागा पाण्यापासून ६२ फुटांवर आहे. अशाच एका उताराच्या कुशींत ६८७ प्रेक्षकांचें रंगमंदिर आहे. रंगपीठामागें भिंत नाहीं; तेथें हडसनचें रुंद पात्र व पलीकडे न्यूजर्सीचा किनारा दिसतो. आम्ही गेलों त्या दुपारीं प्रयोग नव्हता. तरी बैठका रिकाम्या नव्हत्या. कोणी शिदोरी सोडून बसलें होतें, कोणी पुस्तक वाचीत होतें, आणि दोन मुलें रंगपीठावर पळापळ करीत होतीं. त्यांना हुसकावून लावणारा कोणी नव्हता, हें पाहून आम्हांस समाधान वाटलें.

आतां गुणदोष पाहूं. रंगपीठाचा रोंख पश्चिमेकडे आहे. उन्हाळ्यांतील संध्याकाळीं सूर्य नटाच्या पाठीमागें नदीपार मावळतो. हें दृश्य अप्रतिम खरें, परंतु नाट्याच्या दृष्टीनें तें संकट आहे. उजेड मागून आला म्हणजे नटाचा चेहरा काळवंडतो, आणि प्रेक्षकाचें चित्त पात्रांवरून पाण्यावर जातें. शिवाय पाठीशीं भिंत नसल्यामुळें आवाज परतून येत नाहीं. वारा तो घेऊन जातो, आणि जवळच्या हमरस्त्याचा घोष त्यांत मिसळतो. भरतानें ज्या वाऱ्याला दाराबाहेर ठेवलें, तो येथें घरमालक आहे. अशा जागीं कुजबुजीचें, कौटुंबिक, चार भिंतींतलें नाटक रंगणें कठीण. नृत्य, गायन, मोठ्या अंगविक्षेपांचें प्रहसन हींच येथें शोभावयाचीं. चालकांनींहि हें ओळखलें असावें. २०२४ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं नव्या प्रयोगांची मालिका सुरू केली, ती ट्वायला थार्प या नृत्यरचनाकार बाईंच्या कृतीनें. त्याच हंगामांत अँथनी रॉथ कोस्टान्झो या गायकानें मोझार्टच्या 'फिगारो' संगीतिकेंतील जवळजवळ सर्व भूमिका एकट्यानें गाइल्या. स्थलाला साजेसा खेळ निवडणें हा रसिकपणाच होय.

परंतु मुख्य प्रश्न अद्यापि उरतोच. हें उद्यान सुमारें २६ कोटी डॉलर खर्चून उभारलें गेलें, आणि त्यांतील बहुतेक सर्व रक्कम बॅरी डिलर व डायान फॉन फुर्स्टेनबर्ग या धनिक दांपत्याच्या दाननिधींतून आली. धनिकानें नगरास रंगमंदिर द्यावें यांत गैर कांहींच नाहीं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत हेरोडीस ॲटिकस यानें मृत पत्नीच्या स्मरणार्थ अथेन्सला दिलेलें संगीतगृह आपल्या काळांतहि वापरलें गेलें आहे. मात्र दान व हक्क यांत एक भेद आहे, तो विसरतां कामा नये. येथें पाण्यांत बांधकाम करण्याविरुद्ध नागरिकांच्या एका संस्थेनें दावे लावले; खर्च वाढत गेला; आणि सप्टेंबर २०१७ मध्यें दात्यानें अंग काढून घेतांच सारी योजना एका दिवसांत मृत झाली. महिनाभरांत राज्याच्या गव्हर्नरांनीं मध्यस्थी केली, उरलेला किनारा पुरा करण्याचें वचन दिलें, तेव्हां ती पुन्हां जिवंत झाली. ज्या जमिनीसाठीं लोक एक पिढी झगडले, तिचें भवितव्य एका माणसाच्या होकारावर टांगलेलें असावें, हें आम्हांस खटकतें. दात्याचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. सार्वजनिक गोष्टींचा आधार इतका बारीक नसावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

तुलनेसाठीं त्याच शहराच्या पूर्व अंगाकडे पाहावें. ईस्ट रिव्हर पार्कमध्यें १९४१ साली बांधलेलें एक उघडें रंगमंदिर होतें. त्यांत शोभा म्हणण्यासारखी फारशी नव्हती. परंतु १९५६ च्या उन्हाळ्यांत जोसेफ पॅप यानें तेथें शेक्सपिअरचा 'ज्यूलियस सीझर' फुकट दाखविला, आणि आसपासच्या गरीब वस्तींतील, ज्यांनीं पूर्वीं कधीं नाट्यगृहाची पायरी चढली नव्हती अशीं माणसें तो पाहावयास आलीं. सेंट्रल पार्कमध्यें १९५७ पासून जे विनामूल्य प्रयोग होऊं लागले, त्यांचें एक मूळ त्या नदीकांठीं आहे. पुढें त्या रंगमंदिराची हेळसांड झाली. २००१ मध्यें त्याचा जीर्णोद्धार झाला. आणि शेवटीं, पुरापासून किनाऱ्याचें रक्षण करण्यासाठीं सबंध उद्यानच उंच करावयाचें ठरल्यावर, तें पाडण्यांत आलें. हें २०२१ च्या अखेरीस घडलें, म्हणजे हडसनवरील रंगमंदिर उघडलें त्याच वर्षीं. हडसनवर दिवसा प्रवेश फुकट आहे, पण २०२४ च्या मालिकेचें तिकीट २५ डॉलर होतें. त्या शहराच्या मानानें तें स्वस्तच. तथापि पंचवीस आणि शून्य यांमधील अंतर रकमेनें मोजतां येत नाहीं. तिकीट काढणारा मनुष्य काय पाहावयाचें तें ठरवून येतो. पॅपच्या प्रेक्षकांपैकीं पुष्कळजण वाटेवरचा दिवा पाहून वळत असतील. उघड्या रंगमंदिराचें खरें सामर्थ्य या वाटसरू प्रेक्षकांतच आहे.

ही चर्चा आपल्याकडेहि अप्रस्तुत नाहीं. पुण्यांत मुळा-मुठेच्या कांठांचें नवें रूप घडविण्याचें काम २०२२ मध्यें सुरू झालें, आणि झाडांविषयीं व पुराविषयीं तेथें कडाक्याचे वाद झाले आहेत. अशा योजनांच्या चित्रांतून पायऱ्यापायऱ्यांचें रंगमंदिर बहुधा असतेंच. आपल्याला पायऱ्या नव्या नाहींत. वाईस कृष्णेच्या घाटावर कृष्णाबाईचा उत्सव भरतो तेव्हां श्रोते कोठें बसतात हें महाराष्ट्रांत कोणास सांगावयास नको. मात्र घाट हा प्रथम घाट आहे. तेथें लोक रोज स्नानास, धुण्यास, संध्येस उतरतात, म्हणून उत्सवाच्या रात्रीं तेथें बसतांना त्यांस परकें वाटत नाहीं. ज्या पायऱ्यांवर एरव्हीं कोणास काम नाहीं, त्यांवर सोहळ्याच्या दिवशीं निमंत्रितच बसतात.

या कसोटीवर लिटल आयलंड अर्धें उतरतें. दुपारीं शिदोरी सोडून बसणारीं माणसें व रंगपीठावर पळणारीं मुलें यांनीं त्याला घाटाचें रूप दिलें आहे. रात्रीं त्या मुलांच्या आईबापांनाहि त्याच बैठकीवर विनामूल्य जागा मिळूं लागली, तर दात्यांचें नांव त्या अथेन्सच्या धनिकाप्रमाणें पुष्कळ काळ टिकेल, आणि नदी भांडून मिळविणाऱ्यांच्या श्रमाचेंहि चीज होईल. आपल्याकडे नदीकांठीं रंगमंदिरें बांधावयास निघालेल्यांनीं त्यांच्या रचनेचें अनुकरण करण्यापूर्वीं एवढा हिशेब अवश्य मांडून पाहावा.