चित्रें उतरविलेलें चरित्र

कुडाळाजवळच्या पिंगुळी गांवीं ठाकर समाजाचे चित्रकथी पोथींतील एकेक चित्र उभें धरून रामायण-महाभारतांतील आख्यानें गातात. कथा श्रोत्यांच्या मनांत उरते ती चित्रांच्या रूपानें. तो खेळ पाहून परतल्यावर आम्हीं धर्मानंद कोसंबींचें ‘भगवान बुद्ध’ (१९४०-४१) पुन्हा वाचावयास घेतलें, आणि वाटलें, हें पुस्तक चित्रकथ्याच्या हातीं दिलें तर बिचाऱ्याची पोथी रिकामी पडेल!

रथांतून निघालेला राजपुत्र, वाटेंत दिसलेला म्हातारा, रोगी, प्रेत व संन्यासी, मग मध्यरात्रींचा गुपचूप गृहत्याग, हीं चित्रें कोसंबी एकामागून एक उतरवितात. रथाची कथा मूळची विपस्सी बुद्धाची, गौतमाला मागाहून चिकटलेली, असें त्यांचें म्हणणें. पाली सुत्तांच्या आधारें ते दाखवितात कीं, गौतम रडणाऱ्या आईबापांच्या देखत घराबाहेर पडला. येथवर आम्हांस मान्य आहे. परंतु रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत जुंपलेल्या तंट्याशीं ते या गृहत्यागाचा संबंध जोडतात, तो दुवा कच्चा वाटतो. ‘अत्तदण्ड’ सुत्तांत शस्त्रधारणाचें भय आहे, रोहिणीचें नांव नाहीं. आणि अट्ठकथांत तो तंटा गौतमानें बुद्ध झाल्यावर मिटविला आहे.

रथ गेला म्हणून रस गेला, असें मात्र नाहीं. देहदंडानें थकलेल्या गौतमाला बालपणीं जांभळीच्या सावलींत लाभलेलें ध्यान आठवतें, आणि विषयवासनेचा स्पर्श नसलेल्या या सुखाला आपण कां भ्यावें, असें त्याच्या मनांत येतें. बौद्धधर्म म्हणजे दुःखाचें रडगाणें, अशी समजूत आपल्याकडील विद्वानांतहि आढळते. त्यांनीं हा प्रसंग सावकाश वाचावा. बोधीची वाट येथें सुखाच्या आठवणींतून निघते, आणि तें सुख मिळवावयास राजवाडाहि लागत नाहीं, उपासहि लागत नाहीं.

कोसंबींस हें केवळ ग्रंथांतून कळलें नव्हतें. ‘निवेदन’ (१९२४) वाचणारास ठाऊक आहे कीं, १८७६ साली गोव्यांत सांखवाळ येथें जन्मलेला, माडांची बागायत पाहतां पाहतां मनानें खचलेला हा तरुण एका मासिकांतील बुद्धचरित्रानें सावरला. १८९९ च्या अखेरीस पत्नीला व तान्ह्या मुलीला मागें ठेवून निघाला, आणि पुढें सिंहलद्वीपांत जाऊन श्रामणेर झाला. आमची तक्रार आहे ती येथें. गौतमाच्या आईबापांचे अश्रु इतक्या साक्षेपानें शोधणारा लेखक स्वतःच्या घरच्या अश्रूंपाशीं फारसा थांबत नाहीं. त्यांना खंत नव्हती असें नव्हे; पुढें ते परत आले, गृहस्थ म्हणून राहिले, १९०७ साली दामोदरांचा जन्म झाला. पण मधल्या वर्षांत बाळाबाईंनीं काय सोसलें, हें वाचकाला त्यांच्या तोंडून ऐकावेंसें वाटतें, आणि तें पान ‘निवेदनां’त नाहीं.