साथ नव्हे, सहगायन

हिराबाई बडोदेकर यांच्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच आहे. त्या लेखनात सरस्वतीबाई राणे मात्र बहुधा एकाच वाक्यापुरत्या येतात : ‘धाकट्या भगिनीची साथ लाभली.’ आमचा आक्षेप या ‘साथ’ शब्दाला आहे.

दोघींचा जन्म मिरजेचा. हिराबाईंचा १९०५ चा, सरस्वतीबाईंचा १९१३ चा. वडील किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. हिराबाईंना तालीम मिळाली ती वहीद खाँसाहेबांची. आपल्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांनी ज्यांच्या विलंबित आलापीचा आदर्श मानला, तेच हे वहीद खाँ. तेव्हा हे गाणे आपल्याला परके नाही. सरस्वतीबाई थोरले बंधू सुरेशबाबू आणि हिराबाई यांच्याकडे शिकल्या, पुढे बी. आर. देवधरांकडेही. लहानपणापासून त्या रंगभूमीवर वावरल्या आणि ‘रामराज्य’ (१९४३) चित्रपटातील त्यांचे वीणेवरचे गीत देशभर गाजले. थोडक्यात, बहिणीशेजारी बसण्यापूर्वीच त्यांना स्वतःचा श्रोता लाभला होता.

साठच्या दशकाच्या मध्यापासून दोघी एकत्र मैफली करू लागल्या. स्त्रीकलावंतांच्या जुगलबंदीची तेव्हा फारशी वहिवाट नव्हती. ‘जुगलबंदी’ म्हटले की कुरघोडीची अपेक्षा असते. इथे ती नाही. हिराबाई स्वर इतक्या अलगद लावतात, की तो केव्हा सुरू झाला ते कळू नये. सरस्वतीबाई त्या स्वराची नक्कल करीत नाहीत. त्यांचा आवाज अधिक उजळ, उठाव अधिक चटकन. थोरलीने वाक्य जिथे सोडले तिथून धाकटी ते पुढे नेते, कधी किंचित वळवतेही, आणि ते वळण थोरली स्वीकारते. आमच्या मते सारे मर्म या स्वीकारण्यात आहे. साथ करणाऱ्याने वळवायचे नसते.

याच्या नेमके उलट उदाहरण युरोपात आढळते. जर्मनीत १९३६ साली जन्मलेल्या आलिस आणि एलन केसलर या जुळ्या भगिनी १९५५ पासून पॅरिसच्या ‘लिडो’त नाचल्या, पुढे इटालियन दूरचित्रवाणीवर घरोघरी पोहोचल्या आणि १७ नोव्हेंबर २०२५ रोजी एकाच दिवशी निवर्तल्या. त्यांच्या कलेचा पाया सारखेपणा होता : एकसारखा पोशाख, एकाच क्षणी उचललेले पाऊल. दोघींत भेद शोधता शोधता प्रेक्षकाने हरावे, यातच त्या खेळाची लज्जत. त्यातली मेहनत आम्ही कमी लेखत नाही. पण त्या कलेत दोघींपैकी एकीला ‘दुय्यम’ म्हणण्याची सोय कोणालाच नव्हती. आमच्याकडे भेद स्पष्ट ऐकू येतो, आणि भेद दिसताच उतरंड लावल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही. सरकारी नस्तीवर दुसरी सही असली, तरी ती पहिलीइतकीच बंधनकारक असते, हे आयुष्यभर नस्त्या हाताळलेल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही!

हिराबाईंची थोरवी वादातीत आहे. तिकीट लावून स्त्रीने जाहीर मैफल करण्याचा पायंडा त्यांनी पाडला. १९७० साली त्या पद्मभूषण झाल्या, १९८९ साली गेल्या. सरस्वतीबाई २००६ पर्यंत होत्या. इतकी वर्षे हाताशी असूनही त्यांच्या गायकीचे स्वतंत्र परीक्षण आमच्या समीक्षकांनी पुरेसे केले नाही. ते आता ध्वनिमुद्रिकांवरूनच करावे लागेल. आपल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर त्या असतील, तर प्रथम काढून पुसून घ्याव्यात आणि एकदा तरी केवळ दुसऱ्या आवाजाकडे लक्ष ठेवून ऐकाव्यात.