जपानी कोसोदेवरील चित्रण : रंग आणि वस्त्र यांचा संबंध

जुन्या धाटणीचे जपानी वस्त्र हाताने शिवावे आणि त्यावर बाजारात मिळणाऱ्या फॅब्रिक पेंटने नक्षी काढावी, ही हौस जपानच्या बाहेरही आता चांगलीच रुजली आहे. अशा वस्त्रांवर जाणकारांकडून बहुधा एकच आक्षेप घेतला जातो : ऐतिहासिक कोसोदे हे ‘रंगविलेले’ असे, ‘चितारलेले’ नसे, सबब कुंचल्याने रंग चढविलेले वस्त्र हे मूळचे अनुकरणही नव्हे. हा आक्षेप वरवर सयुक्तिक वाटतो. परंतु मूळ वस्त्रांकडे पाहू लागताच तो डळमळू लागतो, आणि त्याच्या जागी दुसरा, अधिक गंभीर आक्षेप उभा राहतो.

ओगाता कोरिन (१६५८–१७१६) या चित्रकाराने एदो येथील फुयुकी नामक लाकडाच्या व्यापाऱ्याच्या घरासाठी चितारलेले कोसोदे आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पांढऱ्या रेशमावर शाई, निळा आणि फिका पिवळा अशा मोजक्याच छटांत शेवंती, घंटाफुले, हागी व सुसुकी गवत ही शरदातील फुलेपाने थेट कुंचल्याने उतरविली आहेत. येथे ना बांधणी, ना भरतकाम. जपानीत या प्रकाराला ‘काकिए’ असे स्वतंत्र नावच आहे. कोरिन हा क्योतोमधील एका वस्त्रव्यापाऱ्याच्या घरात जन्मला होता, ही गोष्ट येथे दुर्लक्षिण्याजोगी नाही. कागद आणि वस्त्र यांतील भेद त्याला चित्रकलेच्या आधी घरातच कळला असला पाहिजे. त्याही पूर्वीच्या ‘त्सुजिगाहाना’ वस्त्रांत बांधणीने राखलेल्या पांढऱ्या जागांत शाईची बारीक रेघ ओढलेली आढळते. तेव्हा कुंचला हा या परंपरेला परका नाही.

रंगद्रव्याचा प्रश्नही असाच. आजचा फॅब्रिक पेंट म्हणजे बारीक रंगचूर्ण आणि त्याला कापडावर धरून ठेवणारे अ‍ॅक्रिलिक बंधक. इस्त्रीच्या उष्णतेने ते पक्के होते. चूर्ण आणि बंधक ही जोडी जपानी कारागिराला अपरिचित नव्हती. र्‍युक्यू बेटांवरील ‘बिंगाता’ वस्त्रांत खनिज रंग सोयाबीनच्या रसात कालवून लावीत. त्या रसातील प्रथिन सुकल्यावर रंगाला धाग्याशी जखडून ठेवते. तत्त्व एकच, फरक आहे तो बंधकाच्या जाडीचा. सोयाबीनचा रस धाग्याधाग्यात मुरतो आणि विणीचा पोत शिल्लक ठेवतो. अ‍ॅक्रिलिकचा थर वर बसतो, रेशमाची चकाकी झाकतो आणि जेथे घडी पडावयाची तेथे कापडाला ताठर करतो. जेथे रंग पाण्याने पुरेसा पातळ केला जातो तेथे हा दोष बराच सौम्य होतो, हे मात्र मान्य करावयास हवे.

खरा प्रश्न रेषेचा आहे. १६८३ मध्ये शोगुनशाहीने सोन्याची जर, भरतकाम व संपूर्ण बांधणीची वस्त्रे यांवर निर्बंध घातले, आणि त्याच सुमारास क्योतोतील पंखे चितारणाऱ्या मियाझाकी युझेन याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत लोकप्रिय झाली. तीत प्रथम एका फुलाच्या निळ्या, धुऊन जाणाऱ्या रसाने आराखडा काढतात. त्यावर शंकूतून तांदळाच्या खळीची दोऱ्याएवढी रेघ सोडतात. खळीने बांधलेल्या आवारात रंग भरला जातो, नंतर भरलेला भाग खळीने झाकून पार्श्वभूमी रंगवितात, वाफ देतात आणि खळ धुऊन टाकतात. जेथे खळ होती तेथे पांढरी रेघ उमटते. ही रेघ कोणी काढलेली नसते. ती रंग न लागल्यामुळे उरलेली असते. आजचे हौशी कलावंत युझेनची नक्कल करताना हीच रेघ पांढऱ्या किंवा सोनेरी रंगाने वरून ओढतात. येथे अनुकरण फसते. मूळची रेषा रंगाच्या पातळीखाली असते आणि नकलेतली रेषा त्याच्यावर चढते. परिणामी फूल कापडात उमलल्यासारखे न दिसता कापडावर चिकटविल्यासारखे दिसते.

दुसरा दोष शिवणीचा. कोसोदे हे सुमारे ३६ ते ३८ सेंटिमीटर पन्ह्याच्या सरळ पट्ट्यांचे बनते. शिवण ओलांडून जाणारी नक्षी हवी असेल तर कारागीर पट्टे धावदोऱ्याने तात्पुरते जोडतो, आराखडा काढतो, दोरा उसवतो, प्रत्येक पट्टा ताणून रंगवितो आणि मग कायमचे शिवतो. पुढे धुलाईच्या वेळी वस्त्र पुन्हा उसवले जाते. म्हणजे हे वस्त्र कधीच कायमचे ‘तयार’ नसते. शिवून झालेल्या वस्त्रावर रंग लावणाऱ्याचा कुंचला शिवणीपाशी अडखळतो. शिवणीत दडलेली कापडाची कड कोरी राहते आणि उसवल्यावर चित्र तुटलेले दिसते. हा काही सामग्रीचा दोष नव्हे. तोच फॅब्रिक पेंट सुट्या पट्ट्यांवर लावता येतो. केवळ घाई आड येते.

पण सर्वांत मोठी उणीव रचनेत आहे. कान्बुन काळातील (१६६१–१६७३) कोसोदेंवर पाठीमागे एका खांद्यापासून निघालेली नक्षी वळण घेत खाली घेराकडे उतरते आणि कमरेलगतची एक बाजू जवळजवळ रिकामी सोडते. कोरिनच्या कोसोदेतही कमरपट्टा बसतो त्या भागी चित्रण विरळ आहे. मोकळे कापड हा तेथे नक्षीचाच भाग असतो, आणि अंगावर वस्त्र हलू लागले म्हणजे त्याचे प्रयोजन कळते. आधुनिक नकलांत मात्र छापील चित्रावरून उचललेली फुले सर्व अंगावर सारख्या अंतराने पेरलेली दिसतात. शेकडो रंगांची उपलब्धता हे त्याचे एक कारण असावे : हाताशी असलेला रंग वापरल्यावाचून राहवत नाही.

या संदर्भात कुबोता इच्चिकु (१९१७–२००३) यांचे उदाहरण उद्बोधक आहे. विशीत त्यांनी टोकियोच्या संग्रहालयात त्सुजिगाहानाचा एक तुकडा पाहिला. युद्ध व सायबेरियातील कैद यांनंतर ते या कामाकडे वळले आणि १९७७ मध्ये त्यांचे पहिले प्रदर्शन झाले. जुन्या प्रकारचे रेशीम उपलब्ध नव्हते. त्यांनी निराळे रेशीम आणि कृत्रिम रंग वापरले, आणि आपल्या कामाला ‘इच्चिकु त्सुजिगाहाना’ असे नाव दिले. हिंदुस्थानातून डच जहाजांनी नेलेल्या छिटांवरून जपानी रंगाऱ्यांनी जे कापड केले त्यालाही त्यांनी नुसते ‘सारासा’ न म्हणता ‘वा-सारासा’, म्हणजे जपानी छीट, म्हटले होते. फॅब्रिक पेंटने सजविलेल्या वस्त्राला ‘युझेन’ म्हणण्याचा आग्रह सुटला आणि ‘काकिए’शी त्याचे नाते मान्य झाले, तर त्याच्या परीक्षणाला योग्य माप मिळेल, आणि त्या मापाने पाहता त्यातील काही थोडी वस्त्रे, विशेषतः दोन-तीन छटांतच थांबलेली, चांगल्यापैकी ठरतात.