'रेड'च्या पेपरातला वगळला जाणारा कंस

लॅबच्या सर्व्हरबद्दल विचारलं की 'रेड आहे ना, काळजी नको' हे उत्तर ठरलेलं. या भरवशाचं मूळ पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८च्या पेपरात आहे. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क जोडा, सोबत थोडी जादा माहिती ठेवा. एक बिघडली तर उरलेल्यांवरून तिच्यातलं सगळं परत काढता येतं. लेखक आधी स्वतःच खोट दाखवतात: एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते, तर शंभरांच्या संचातली पहिली ३०० तासांतच, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत जाणार. मग उपाय. पेपर कसा रचावा हे बघायला तरी तो वाचाच.

पण सगळं गणित एका गृहीतकावर उभं आहे: डिस्क स्वतंत्रपणे बिघडतात. भूकंप झाला किंवा विजेचा झटका बसला तर तसं होणार नाही, हे लेखक सांगतात, पण कंसात. वाचणाऱ्यांनी आकडे उचलले, कंस सोडला. थोडा दोष लेखकांचाही आहे. एवढी मोठी अट कंसात ठेवतात का?

२००७मध्ये बियांका श्रोडर आणि तेच गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. कंपन्यांच्या माहितीपत्रकांप्रमाणे वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क जायला हव्यात. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के बदलणं नेहमीचं, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. शिवाय एक बदलली की पाठोपाठ आणखी बदलल्या जातात. इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा. 'बदललेली' म्हणजे 'बिघडलेली' नव्हे. तंत्रज्ञाने एका दिवशी चार काढल्या तर नोंदीत त्या एकत्रच दिसणार. लेखकांना पहिला फरक मान्य आहे. आणि हा संबंध आठवड्या-महिन्यांच्या मोजणीतही दिसतो, त्यामुळे माझ्या शंकेने निष्कर्ष पडत नाही.

दोन्ही पेपर जिथे थांबतात तिथे आपलं काम सुरू होतं. पाचव्या पातळीच्या संचातली दुसरी डिस्क गेली की गणितात 'डेटा गेला'. प्रत्यक्षात ती बरेचदा मेलेली नसते. थोडे सेक्टर खराब असतात, नाहीतर केबल सैल झालेली असते, आणि कंट्रोलर तिला बाहेर काढतो. घात होतो तो त्यानंतर, घाईने संच नव्याने बनवताना. डिस्कचा क्रम किंवा तुकड्याचा आकार चुकला की पॅरिटी चुकीची लिहिली जाते, आणि वाचणारा डेटाही जातो. म्हणून आधी प्रत्येक डिस्कची डीडीरेस्क्यूने सेक्टरनिहाय नक्कल काढायची, मूळ डिस्क बाजूला ठेवायच्या, आणि नकलांवरच, तेही फक्त वाचण्यापुरता, संच जोडायचा. यात सगळ्यात आधी बाहेर पडलेली डिस्क घ्यायची नाही: ती धडधाकट दिसली तरी तिच्यातला डेटा जुना असतो.